पायथनमध्ये एसक्यूलाइट: निमूट डेटाबेसला तक्रार करायला शिकवा

एसक्यूलाइट शिकणारी मंडळी अडकतात ती सिलेक्ट-इन्सर्टमध्ये नाही. ते दोन दिवसांत येतं. खरी अडचण अशी की हा डेटाबेस फार निमूट आहे. फाइल सापडली नाही तर तसं न सांगता नवी, रिकामी फाइल बनवतो. आकड्यांच्या कॉलममध्ये अक्षरं टाकली तर ती ठेवून घेतो. इमारतीत नसलेल्या घराच्या नावाने पावती फाडली तरी हूं की चूं करत नाही. गडबड कळते ती महिनाअखेरीला, बेरीज जुळेनाशी झाली की. म्हणून पुढच्या टप्प्यांतली निम्मी मेहनत त्याला वेळच्या वेळी तक्रार करायला लावण्याची आहे.

उदाहरण एकच घेऊ: चाळीस घरांच्या सोसायटीचा मेंटेनन्सचा हिशोब. मी हा हिशोब सांभाळतो, आणि खालच्या बऱ्याच चुका आधी स्वतः केलेल्या आहेत. तयार कोड मुद्दाम चिकटवलेला नाही. कॉपी केलेल्या कोडमध्ये ओळींचा क्रम का तसा आहे हे कोणी वाचत नाही आणि नेमकं तिथेच बिनसतं. आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना इंग्रजी स्पेलिंगच वापरायचं. टेबलांची आणि कॉलमची नावं मात्र खरोखरच मराठीत ठेवता येतात, एसक्यूलाइटला त्याचं काही वावडं नाही.

## टप्पा १: कोडआधी कागद

तीन टेबलं लागतील. 'सदनिका' म्हणजे घर क्रमांक आणि मालकाचं नाव. 'पावती' म्हणजे कोणत्या घराची, कोणत्या तारखेची. 'तपशील' म्हणजे त्या पावतीतल्या ओळी: मेंटेनन्स किती, सिंकिंग फंड किती, पार्किंग किती. एका पावतीला तीन-चार ओळी असतात, म्हणून तपशील वेगळा.

आता तीन गोष्टी कागदावरच ठरवा. नंतर बदलायला गेलात तर आधी भरलेली सगळी माहिती धुऊन काढावी लागते.

१. पैसे पैशांत ठेवायचे. दोन हजार तीनशे पन्नास रुपये पन्नास पैसे म्हणजे २३५०५० हा पूर्णांक. दशांश चिन्हाचे आकडे फ्लोटमध्ये ठेवलेत तर कधी ना कधी पैशाचा फरक पडतो आणि ऑडिटरला तो बरोबर दिसतो. पायथनचा डेसिमल वापरायचं मनात असेल, तर एसक्यूलाइट३ हे पायथनचं मॉड्यूल (डेटाबेसशी बोलणारा तयार कोड) तो थेट स्वीकारतच नाही.

२. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच, मजकूर म्हणून: २०२५-०४-०५. आपल्या सवयीची दिवस-महिना-वर्ष पद्धत ठेवलीत तर ०५-०४ ही तारीख २८-०३ च्या आधी लागते, कारण डेटाबेस डावीकडून एकेक अक्षर बघतो. दाखवताना हवी तशी फिरवा, साठवताना नको. तारखेची पायथन वस्तू तशीच देऊन मॉड्यूलकडून रूपांतर करून घेण्याची जुनी सोय पायथन ३.१२ पासून मोडीत काढायच्या यादीत आहे. आयसोफॉरमॅट वापरून मजकूर स्वतःच करून द्या.

३. पावती पुसायची नाही. 'रद्द' नावाचा कॉलम ठेवायचा, शून्य किंवा एक. कागदी पावतीपुस्तकात चुकलेल्या पावतीवर तिरकी रेघ मारून ती आतच ठेवतात, तसंच.

## टप्पा २: आवृत्ती आणि फाइलचं नाव

एसक्यूलाइट३ हे मॉड्यूल पायथनबरोबरच येतं, २००६ च्या २.५ आवृत्तीपासून. पिपने (बाहेरची मॉड्यूल बसवणाऱ्या साधनाने) ते बसवायला जाऊ नका.

आपली प्रोग्रामची फाइल 'एसक्यूलाइट३ डॉट पाय' या नावाने सेव्ह करू नका. नवशिक्यांची ही अगदी ठरलेली चूक. मग इम्पोर्ट म्हटल्यावर पायथन खऱ्या मॉड्यूलऐवजी तुमचीच फाइल उचलतो आणि 'कनेक्ट नावाचं काही नाही' असं सांगतो. माणूस तासभर इंस्टॉलेशनला शिव्या देतो. फाइलचं नाव 'हिशोब' ठेवा.

आवृत्त्या दोन असतात, पायथनची वेगळी आणि आतल्या एसक्यूलाइटची वेगळी. आपल्याला दुसरी बघायची आहे. मॉड्यूलमधलं 'एसक्यूलाइट व्हर्जन' छापून बघा, ते ३.३७ किंवा पुढचं हवं. विंडोजवरचा पायथन स्वतःचं एसक्यूलाइट घेऊन येतो. लिनक्सवर सहसा सिस्टिममधलं वापरलं जातं: उबुंटू २०.०४ वर ते ३.३१ आहे, २२.०४ वर ३.३७. लॅपटॉपवर चाललेलं सर्व्हरवर कोसळतं ते बऱ्याचदा यामुळे.

तपासा: जिथे लिहिणार आणि जिथे चालवणार, त्या दोन्ही मशीनवरचे आकडे कागदावर उतरवले का?

## टप्पा ३: फाइल नेमकी कुठे आहे

कनेक्टला नुसतं 'सोसायटी डॉट डीबी' दिलंत, तर ती फाइल प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये शोधली जात नाही. प्रोग्राम ज्या फोल्डरमधून सुरू केला तिथे शोधली जाते. एडिटरमधून चालवलं तर एक फोल्डर, डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटवरून चालवलं तर दुसरा. आणि तिथे फाइल नसेल तर निमूटपणे नवी तयार.

आमच्याकडे हेच झालं. खजिनदार काकांचा फोन आला, "अरे, सगळ्या पावत्या गेल्या!" गेल्या नव्हत्या. त्यांनी शॉर्टकट नव्या फोल्डरमध्ये हलवला होता, आणि माझ्या प्रोग्रामने टेबलं नसतील तर बनव असं म्हणून कोरी करकरीत सोसायटी उभी केली होती. चाळीस घरं होती त्या जागी शून्य.

उपाय दोन, आणि दोन्ही करा. पहिला, पाथलिब वापरून प्रोग्रामच्या फाइलच्या जागेवरून पूर्ण पत्ता तयार करा. दुसरा, रोजच्या वापरात कनेक्टला यूआरआय पद्धतीने पत्ता द्या आणि त्यात मोड 'आरडब्ल्यू' ठेवा. असं केलं की फाइल नसेल तेव्हा नवी बनत नाही, चूक येते. नवा डेटाबेस बनवण्यासाठी एक स्वतंत्र छोटा प्रोग्राम लिहा आणि तो एकदाच चालवा.

सावधान: 'नो सच टेबल' अशी चूक दिसली तर टेबल बनवायला धावू नका. आधी पूर्ण पत्ता छापा आणि त्या फाइलचा आकार बघा. शून्य बाइट असेल तर तुम्ही भलत्याच घरात शिरला आहात.

## टप्पा ४: कनेक्शन उघडल्या उघडल्या

इथे क्रम महत्त्वाचा आहे. कनेक्शन उघडलं की कुठल्याही इन्सर्टच्या आधी 'प्रॅग्मा फॉरेन कीज = ऑन' चालवायचं. प्रॅग्मा म्हणजे एसक्यूलाइटची सेटिंग बदलायची किंवा विचारायची आज्ञा. एका टेबलातल्या नोंदीने दुसऱ्या टेबलातल्या खऱ्या नोंदीकडेच बोट दाखवावं हा नियम एसक्यूलाइटला माहीत असतो, पण तो मुळात बंद असतो. आणि तो फाइलमध्ये साठवला जात नाही. प्रत्येक नव्या कनेक्शनला नव्याने चालू करावा लागतो. काल चालू केला होता म्हणून आज चालू आहे असं नाही.

याहून छुपी गोष्ट म्हणजे ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्के किंवा एकत्र रद्द होणारे बदल) चालू असताना ही आज्ञा दिली तर ती काहीच करत नाही, आणि चूकही दाखवत नाही. पायथन पहिल्या इन्सर्टच्या आधी स्वतःहून ट्रान्झॅक्शन सुरू करतो, त्यामुळे इन्सर्टनंतर लिहिलेलं प्रॅग्मा वाया गेलं. पायथन ३.१२ पासून आलेला 'ऑटोकमिट = फॉल्स' हा पर्याय कनेक्ट करतानाच दिलात, तर ट्रान्झॅक्शन तिथल्या तिथे उघडतं, म्हणजे प्रॅग्माला जागाच उरत नाही. तो पर्याय हवा असेल तर आधी ऑटोकमिट ट्रू ठेवून उघडा, प्रॅग्मा चालवा, मग फॉल्स करा. ज्यांना हे सगळं नको त्यांनी जुनीच पद्धत ठेवावी, म्हणजे ऑटोकमिटचं नावच काढू नये. मी अजून तशीच वापरतो आणि या लेखाचा पुढचा भागही तीच धरून आहे.

दुसरी ओळ: रो फॅक्टरीला मॉड्यूलमधला 'रो' द्या. मग ओळीतली माहिती क्रमांकाऐवजी कॉलमच्या नावाने काढता येते. उद्या मध्ये एखादा कॉलम वाढला तर मालकाच्या जागी फोन नंबर छापला जात नाही.

हे सगळं 'उघड' नावाच्या एका फंक्शनमध्ये ठेवा आणि प्रोग्राममध्ये कनेक्ट हा शब्द फक्त त्या एका जागी असू द्या.

तपासा: '= ऑन' न लिहिता नुसतं 'प्रॅग्मा फॉरेन कीज' चालवा आणि उत्तर वाचा. एक यायला हवं. शून्य आलं तर इथेच थांबा.

## टप्पा ५: टेबलं बनवणं

एसक्यूलाइटमध्ये कॉलमचा प्रकार ही विनंती असते, सक्ती नव्हे. इंटिजर लिहिलेल्या कॉलममध्ये 'बाकी आहे' असं टाकलं तरी जातं. हे थांबवायचं तर टेबलाच्या व्याख्येत शेवटच्या कंसानंतर 'स्ट्रिक्ट' हा शब्द लिहा. त्यासाठीच दुसऱ्या टप्प्यात ३.३७ चा आग्रह धरला होता. त्याहून जुन्या एसक्यूलाइटला अशी फाइल उघडून वाचताच येत नाही.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी स्ट्रिक्ट किती उपयोगाचं आहे ते जवळून बघा. कोणीतरी रकमेच्या चौकटीत मराठी कीबोर्डवरून '१५००' टाइप केलं. पायथनचा इंट देवनागरी आकडे बिनबोभाट वाचतो, त्यातून पंधराशे हा खरा आकडा मिळतो. पण इंटमधून न काढता तो मजकूर तसाच डेटाबेसला दिला, तर एसक्यूलाइटला देवनागरी आकडे कळत नाहीत. साध्या टेबलात तो मजकूर म्हणून पडून राहतो. यादीत डोळ्यांना अगदी बरोबर दिसतो, आणि बेरीज करताना त्याची किंमत शून्य धरली जाते. पावती आहे, रक्कम दिसते आहे, फक्त एकूण जमेत नाही! मी ही चूक शोधण्यात एक अख्खा रविवार घालवला. स्ट्रिक्ट टेबलात तीच ओळ आत शिरण्याआधी चूक म्हणून परत येते.

स्ट्रिक्टमध्ये इंट, इंटिजर, रिअल, टेक्स्ट, ब्लॉब आणि एनी एवढेच प्रकार चालतात. डेट किंवा व्हारचार लिहिलंत तर टेबलच बनणार नाही.

व्याख्या लिहिताना पुढच्या गोष्टी पाळा.

१. ओळखक्रमांकाला 'इंटिजर प्रायमरी की' असं पूर्ण लिहा. 'इंट प्रायमरी की' लिहिलंत तर क्रमांक आपोआप भरला जाण्याची सोय मिळत नाही.

२. ऑटोइन्क्रिमेंट सरसकट लावू नका. सदनिकेला त्याची गरज नाही. पावतीला मात्र लावा, कारण त्याशिवाय सगळ्यात शेवटची पावती कोणी पुसली तर तोच क्रमांक पुढच्या पावतीला मिळू शकतो. आपण पुसणार नाही हे ठरलं आहे, पण हिशोब ठरावावर चालत नसतो.

३. घर क्रमांकाला युनिक आणि नॉट नल. रकमेला चेक लावून शून्यापेक्षा मोठी असल्याची अट. रद्द कॉलमला शून्य किंवा एक एवढीच मुभा.

४. पावतीतला 'सदनिका_क्रमांक' सदनिका टेबलाच्या ओळखक्रमांकाकडे रेफरन्सेसने जोडा, तपशीलही पावतीकडे तसाच. ज्याच्याकडे बोट दाखवता ते टेबल आधी बनवा.

तपासा: आता मुद्दाम चुका करा. ९९९ क्रमांकाच्या घराची पावती घालून बघा. रकमेत अक्षरं घालून बघा. ऋण रक्कम घालून बघा. तिन्ही वेळा इंटिग्रिटी एरर यायला हवा. एक जरी आत गेली तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ६: माहिती भरणं

वाक्यात किंमत कधीही चिकटवायची नाही. एफ-स्ट्रिंग नाही, अधिकचं चिन्ह नाही. वाक्यात प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि किंमत एक्झिक्यूटला दुसरी वस्तू म्हणून द्यायची. चोरटी आज्ञा आत घुसवणारा हॅकर सोसायटीच्या हिशोबात येणार नाही म्हणाल, पण डिसूझांचं नाव कोणी इंग्रजीत मध्ये अपॉस्ट्रॉफी घालून लिहिलं की तुमचं वाक्य तिथेच तुटतं.

ही दुसरी वस्तू ट्यूपल किंवा लिस्ट हवी. एकच किंमत असेल तर कंसात तिच्या पुढे स्वल्पविराम हवाच. तो विसरलात की कंस नुसता शोभेचा उरतो आणि मॉड्यूल तुमच्या शब्दातलं एकेक अक्षर स्वतंत्र किंमत समजतं. "सविता" दिलंत तर तक्रार येते: वाक्यात एक जागा आहे, तुम्ही पाच दिल्यात. आपण बोटं मोजतो, स-वि-ता, तीन! पाच कुठून आले? पायथन वेलांटी आणि काना वेगळे मोजतो. अशी 'बाइंडिंग्ज'ची तक्रार दिसली की आकड्याचा विचार करत बसू नका, स्वल्पविराम शोधा.

प्रश्नचिन्ह फक्त किमतीच्या जागी चालतं, टेबलाच्या किंवा कॉलमच्या नावाच्या जागी नाही. कोणत्या कॉलमने यादी लावायची हे वापरणाऱ्याने ठरवायचं असेल, तर चालणाऱ्या नावांची यादी कोडमध्ये ठेवा आणि त्यातलंच नाव उचला.

सावधान: एसक्यूएलमध्ये मजकूर एकेरी अवतरणात लिहायचा. दुहेरी अवतरण कॉलमच्या नावासाठी आहे. पण तशा नावाचा कॉलम सापडला नाही तर एसक्यूलाइट बहुधा तो मजकूरच समजून पुढे जातो. म्हणजे कॉलमचं नाव दुहेरी अवतरणात चुकीचं लिहिलंत तरी वाक्य चालतं, उत्तर मात्र भलतंच.

आधीची नोंद बदलायला 'इन्सर्ट ऑर रिप्लेस' वापरण्याचा मोह टाळा. रिप्लेस म्हणजे दुरुस्ती नव्हे. जुनी ओळ पुसून नवी घालणं. मालकाचं नाव बदलायला गेलात आणि त्या घराखालच्या पावत्यांना कॅस्केड (घर पुसलं की पावत्याही पुसण्याचा नियम) लावलेलं असेल, तर त्याही गेल्या. 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट' हा सरळ मार्ग आहे.

अपडेट चालवल्यावर रोकाउंट, म्हणजे किती ओळी बदलल्या तो आकडा, बघा. एका घराचं नाव बदलत असाल तर उत्तर एकच हवं. शून्य म्हणजे घर सापडलं नाही. चाळीस म्हणजे व्हेअर लिहायचं राहिलं, आणि अख्ख्या इमारतीला एकच मालक मिळाला. अजून कमिट (बदल पक्के) केलेलं नसेल तर रोलबॅकने (बदल मागे घेऊन) वाचता येतं.

## टप्पा ७: कमिट

"काल भरलेलं आज दिसत नाही" ही तक्रार शंभरदा ऐकली असेल. कमिट केलेलं नसतं. त्याच कनेक्शनमध्ये वाचून बघितलं तर सगळं दिसतं, म्हणून भरवसा बसतो. प्रोग्राम बंद झाला की जातं. क्लोज म्हणणं म्हणजे कमिट नव्हे.

कमिट कुठे करायचं हा खरा प्रश्न. उत्तर: जे काम अर्धवट राहून चालणार नाही ते पूर्ण झाल्यावर, एकदाच. आपल्याकडे ते काम म्हणजे एक पावती. क्रम असा:

१. विथ कनेक्शन असा ब्लॉक उघडा.
२. पावती टेबलात ओळ घाला.
३. कर्सरच्या (एक्झिक्यूट परत देतो त्या वस्तूच्या) लास्टरोआयडीमधून नवा पावती क्रमांक घ्या. सगळ्यात मोठा क्रमांक विचारून त्यात एक मिळवू नका. दोन जण एकाच वेळी पावती करत असतील तर दोघांना एकच क्रमांक मिळेल.
४. तो क्रमांक लावून तपशिलाच्या सगळ्या ओळी एक्झिक्यूटमेनीने घाला.
५. ब्लॉकमधून बाहेर पडा.

सगळं सुरळीत झालं तर बाहेर पडताना कमिट होतं. मध्ये चूक आली तर रोलबॅक होतं, आणि तपशील नसलेली पोकळ पावती मागे राहत नाही. दुसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या मध्ये कमिट लिहिणारे लोक नेमकी हीच सोय घालवून बसतात.

चूक पकडायची असेल तर ट्राय-एक्सेप्ट ब्लॉकच्या बाहेर ठेवा. आत पकडलीत तर विथला काही बिनसलंय हे कळतच नाही आणि तो अर्धवट काम कमिट करून टाकतो.

सावधान: फाइल उघडताना विथ वापरला की ती शेवटी बंद होते, म्हणून इथेही कनेक्शन बंद होत असेल असं वाटतं. होत नाही. हा विथ फक्त कमिट किंवा रोलबॅक करतो. बंद करण्यासाठी कॉन्टेक्स्टलिबमधलं क्लोजिंग वापरा किंवा स्वतः क्लोज म्हणा.

एक्झिक्यूटस्क्रिप्टपासून जरा दूर राहा. बाकी असलेलं ट्रान्झॅक्शन तो आधी कमिट करतो, मग स्वतःचं काम करतो. टेबलं बनवण्याच्या त्या एकदाच चालणाऱ्या प्रोग्रामपुरताच तो ठेवावा.

जुन्या एक्सेल शीटमधून पाच-सहा हजार ओळी आणायच्या असतील तर प्रत्येक ओळीला कमिट करू नका. प्रत्येक कमिटला माहिती डिस्कवर खरोखर उतरेपर्यंत थांबावं लागतं. सगळ्या ओळी एका ट्रान्झॅक्शनमध्ये घाला, चहा ओतेपर्यंत काम झालेलं असेल.

## टप्पा ८: वाचणं, आणि थकबाकीची यादी

फेचवनने काही सापडलं नाही तर नन मिळतो. त्यातून थेट मालकाचं नाव काढायला गेलात तर चूक येते. आधी नन आहे का ते बघा. कर्सर एकदा शेवटपर्यंत वाचला की संपतो. दुसऱ्यांदा फिरवाल तर रिकामा. आणि नल असलेल्या ओळी शोधताना बरोबरचं चिन्ह वापरलं तर एकही ओळ येत नाही, तिथे 'इज' लागतं.

हे पटकन उरकलं, कारण खरी गंमत थकबाकीत आहे. एप्रिलमध्ये कोणी भरलं नाही याची यादी कमिटीला हवी असते. बहुतेक जण सदनिका आणि पावती साध्या जॉइनने जोडतात. साधा जॉइन ज्यांची पावती आहे तेवढीच घरं दाखवतो. म्हणजे ज्यांची यादी हवी तेच गायब!

मग कोणीतरी लेफ्ट जॉइन सांगतं, म्हणजे पावती नसली तरी घर दाखवणारा. तो लावतात, आणि एप्रिलच्या तारखांची अट व्हेअरमध्ये लिहितात. पुन्हा तीच घरं गायब. कारण पावती नसलेल्या घरापुढे तारीख नल असते, नल कुठल्याच अटीत बसत नाही, आणि व्हेअर त्या ओळीला बाहेर काढतं. तारखेची अट आणि 'रद्द = ०' ही अट, दोन्ही लेफ्ट जॉइनच्या 'ऑन'मध्ये लिहायच्या. सगळी चाळीस घरं आली की मग व्हेअरमध्ये 'पावतीचा क्रमांक इज नल' एवढंच.

रक्कमही दाखवायची असेल तर तपशील लेफ्ट जॉइननेच जोडा. सम हे फंक्शन पावती नसलेल्या घराला शून्य देत नाही, नल देतं; त्याला कोअलेस लावून शून्य करा.

तपासा: भरलेली घरं अधिक थकलेली घरं बरोबर चाळीस. हा पडताळा प्रोग्राममध्येच घालून ठेवा.

## टप्पा ९: मराठी नावं

एसक्यूलाइट मजकुराची तुलना आतल्या संकेतांनी करतो, डोळ्यांनी नाही. 'कऱ्हाडे' हे आडनाव एका कीबोर्डवर नुक्ता असलेल्या ऱ ने येतं, दुसऱ्यावर र, हलन्त आणि न दिसणारा जोडक मिळून 'कर्‍हाडे' असं येतं. पडद्यावर दोन्ही सारखीच, डेटाबेसला दोन वेगळी माणसं. शोधलं की 'सापडलं नाही'.

भरतानाच मजकूर सारखा करून घ्यावा. युनिकोडडेटामधल्या नॉर्मलाइझला एनएफसी देऊन चालवलं की र आणि सुटा नुक्ता यांचा एक ऱ होतो. पण जोडकवालं रूप त्याने बदलत नाही. ते तुम्ही स्वतः रिप्लेसने बदलायचं. हे एका फंक्शनमध्ये ठेवा आणि साठवताना व शोधताना दोन्हीकडे त्यातूनच जा. एकाच बाजूला लावलंत तर आधी होतं त्यापेक्षा वाईट.

यादी लावताना ळ बघा. संकेतांच्या क्रमात ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, म्हणून ऑर्डर बाय 'काळे, कावळे, काशीद' असं देतो. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर आहे, म्हणून काळे शेवटी हवेत. स्वतःचा क्रम डेटाबेसला शिकवता येतो, पण तोही प्रत्येक कनेक्शनला नव्याने, आणि तसा क्रम टेबलाच्या व्याख्येत किंवा इंडेक्समध्ये लिहून ठेवलात तर दुसऱ्या साधनातून काम करताना तो सापडत नाही म्हणून अडतं. चाळीस नावं आहेत. पायथनमध्येच सॉर्ट करा.

## टप्पा १०: 'डेटाबेस इज लॉक्ड'

एका वेळी लिहिणारा एकच, असा एसक्यूलाइटचा नियम. दुसऱ्याला कनेक्टमधल्या टाइमआउटइतकं, मूळचे पाच सेकंद, थांबवलं जातं आणि मग ही चूक येते. टाइमआउट तीस करून बघण्याआधी हे तीन संशयित तपासा.

१. डीबी ब्राउझरसारखं साधन दुसऱ्या खिडकीत उघडं आहे आणि त्यात केलेला बदल अजून सेव्ह केलेला नाही. माझ्या अनुभवात दहातल्या सात वेळा हेच.

२. तुमच्याच प्रोग्राममध्ये इन्सर्टनंतर कमिटच्या आधी काहीतरी लांबलचक चाललं आहे: इमेल पाठवणं, पीडीएफ छापणं. ते कमिटनंतर करा.

३. जुनं कनेक्शन क्लोज न करता सोडून दिलं आहे.

वाचणारे आणि लिहिणारे एकमेकांना अडवत असतील तर 'प्रॅग्मा जर्नल मोड = वॉल' (बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) उपयोगी पडतं. हा बदल फाइलमध्ये टिकतो, एकदाच करायचा. त्यानंतर शेजारी आणखी दोन फाइली दिसू लागतात. त्यांना कचरा समजून पुसू नका, ताज्या पावत्या त्यातच असू शकतात. नेटवर्कवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये किंवा आपोआप सिंक होणाऱ्या क्लाउड फोल्डरमध्ये चालू डेटाबेस ठेवू नये, वॉल असो वा नसो.

## टप्पा ११: बॅकअप

चालू डेटाबेसची फाइल कॉपी-पेस्ट करणं म्हणजे बॅकअप नाही. लिहिणं चालू असताना कॉपी केली तर अर्धी जुनी, अर्धी नवी फाइल मिळते. वॉल चालू असेल तर मुख्य फाइलमध्ये शेवटच्या नोंदी नसण्याचीही शक्यता आहे. कनेक्शनवरच बॅकअप नावाचं मेथड आहे, पायथन ३.७ पासून. दुसरं कनेक्शन नव्या फाइलवर उघडा, ते पहिल्याच्या बॅकअपला द्या, दोन्ही बंद करा. फाइलच्या नावात तारीख घाला.

मग ती बॅकअप फाइल उघडून 'प्रॅग्मा इंटिग्रिटी चेक' चालवा, उत्तरात फक्त 'ओके' यायला हवं. त्यापाठोपाठ 'प्रॅग्मा फॉरेन की चेक', त्याचं उत्तर रिकामं हवं. ओळी आल्या तर कधीतरी चौथा टप्पा चुकवून कोणीतरी लिहिलं आहे. शेवटी बॅकअपमधल्या रद्द नसलेल्या पावत्यांची महिन्याची बेरीज काढा आणि काकांच्या कागदी पावतीपुस्तकातल्या बेरजेशी ताडून बघा. आमच्या पहिल्या खेपेला पंधराशेचा फरक आला होता. त्या रविवारी कुठे बघायचं हे माहीत नव्हतं, म्हणून दिवस गेला.